साडेचारची फेरी

पहाटे साडेचारला मी व्हॅन उभी करतो
मेथडिस्ट चर्चच्या मागे, दिवा नसलेल्या अंगाला.
शेल्बी तिथंच थांबते. पुढच्या दाराशी थांबली
तर डोनटवाली बघते, आणि डोनटवालीनं बघितलं
म्हणजे सगळ्या खोऱ्यानं बघितलं.

सातवा महिना. अंगात नवऱ्याचं जाकीट,
त्याची चेन आता पोटावर येत नाही.
नवरा कुठं आहे ते मी विचारत नाही.
जिल्हा मला गाडी हाकायचे पैसे देतो, बोलायचे नाही,
तरी मी बोलतो: रस्त्यात किती हरणं मेली,
कुठल्या खाणीचं फाटक कुणी भंगारात विकलं.

बेचाळीस मैल जायला, बेचाळीस यायला.
रोज. रविवारीसुद्धा.
तिकडे काचेमागची बाई कपभर लाल औषध सरकवते,
ते तिच्यासमोरच प्यायचं, मग तोंड उघडून दाखवायचं,
जीभ वर, जीभ बाजूला.
"बाजारात घोड्याचे दात बघतात ना,
तसं, मिस्टर वर्लिन."

आधी तिनं स्वतःच सोडून बघितलं होतं,
कुणाला न विचारता, एका फटक्यात, बाळासाठी.
तीन दिवस न्हाणीघराच्या फरशीवर.
चौथ्या दिवशी पोट दगड झालं.
नर्स म्हणाली, असं तोडायचं नसतं गं,
तू थरथरलीस की तेही थरथरतं आत.
हे तिनं मला उतारावर सांगितलं,
आणि पुढची दोन वळणं मी गिअर टाकायला विसरलो.

खाणीचं छत माझ्यावर आलं त्या वर्षी
कमरेत दोन स्क्रू बसले आणि हातात बाटली:
महिन्याला नव्वद गोळ्या.
मला पंचेचाळीस पुरायच्या.
उरलेल्या पंचेचाळिसांत ट्रकचा हप्ता सुटायचा.
तो ट्रक अजून दारात आहे, चाकं नाहीत.
वांडा ब्लँकनशिप तीन तारखेला यायची,
बोटाला चारेक वर्षांची पोर.
आमचा व्यवहार होईतो पोर
आपलं अर्धं बिस्किट माझ्या कुत्र्यापुढे धरून उभी.
वांडाला पुरून आता नऊ वर्षं झाली.

शेल्बीला मी हे सांगितलेलं नाही.
पुलाच्या अलीकडे रोज सांगायचं ठरवतो,
पुलाच्या पलीकडे हीटरचं बटण फिरवतो.

मांडीवर ती पाच पौंडांची पिठाची पिशवी घेऊन बसते,
टॉवेलात गुंडाळलेली. सराव.
जन्मल्यावर रडेल म्हणे, कापेल, सारखं शिंकेल,
मग खोली अंधारी ठेवायची,
उघड्या छातीशी धरायचं तासन् तास,
पहिलं औषध तेच.
"आणि त्यांनी नेलं तर?"
याचं उत्तर माझ्याकडे नाही.
"नाव ठरवलंस?"
"पिठाचं? हो, ऑगी.
बाळाचं नाही. नाव ठेवलं की नेतील."

गुरुवारी बर्फ पडला, लाकडांचा ट्रक आडवा झाला,
आम्ही चाळीस मिनिटं एका जागी.
वायपर काचेवर रडत होते. घड्याळात सहा.
तिला घाम फुटायला लागलेला,
जांभया, नाकाला बाही.
काचेकडे बघत ती म्हणाली,
"तुमच्या त्या लाल ट्रकमध्ये
एक कुत्रा असायचा. एका कानाचा."

मी स्टिअरिंग धरून बसलो.
गाडी उभीच होती, तरी धरून.

"किती जगला?"
"चौदा वर्षं."
"बरं झालं," ती म्हणाली. बस, तेवढंच.

मग तिला ओकारी आली. दार लोटताना
पिशवी तिनं माझ्या हातात दिली:
"धरा जरा. असं नाही,
मानेखाली हात घाला."

घातला.
बाहेर ती वाकलेली, तिच्या पाठीवर बर्फ,
आणि मी पाच पौंड पीठ
डोकं सांभाळून धरलेला,
रस्ता मोकळा झाला तरी.